अब्बांची सही

अब्बा सलामाला जवाब देत नाहीत, ही तक्रार आमच्या कानावर पहिल्यांदा आली ती जुम्म्याच्या नमाजनंतर. जुन्नरच्या मोहल्ल्यात ही काही साधी गोष्ट नव्हे. ‘‘मास्तर आता मोठे झाले, गरिबाचा सलाम कशाला घेतील?’’ असे कुणीतरी आमच्या धाकट्या भावाला सुनावले. घरी येऊन आम्ही विचारले, तर अब्बा म्हणाले, ‘‘देतो की रे. त्यांनाच ऐकू येत नाही.’’ खरेच होते ते. त्यांचा आवाज बसला होता. चेहरा ताठरला होता, मनातले हसू ओठापर्यंत पोचत नव्हते. आम्ही रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होतो, पण हे आमच्या लक्षात आले नव्हते.

अब्बांची सारी नोकरी आंबेगाव तालुक्यात झाली. घोडेगाव, मंचरच्या आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून त्यांनी मराठी शिकवली. जुन्नरचा कागद एकेकाळी नावाजलेला होता आणि तो करणारे कागदी आपलेच लोक होते. अब्बा गमतीने म्हणत, ‘‘त्यांनी कागद केला, आम्ही त्यावर अक्षर काढलं.’’ अक्षर खरोखर मोत्यासारखे. तेच अक्षर बारीक होत गेले. ओळ सुरू व्हायची ज्वारीच्या दाण्याएवढी आणि संपायची खसखशीएवढी. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलो, तेव्हा खिडकीतल्या माणसाने सही जुळत नाही म्हणून अंगठा मागितला. ज्यांनी दोन पिढ्यांना अंगठ्यावरून सहीवर आणले, त्यांच्या अंगठ्याला शाई लागली. परतताना अब्बा एक शब्द बोलले नाहीत.

त्याआधीचे वर्ष आम्ही वाया घालवले, हे कबूल केले पाहिजे. हात थरथरतो तो म्हातारपणामुळे, पाय अडखळतो तो वातामुळे, असे म्हणत राहिलो. तेल चोळले, ताविज बांधला, नजरही उतरवली. शेवटी पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी अब्बांना चालायला लावले, बोटे आपटायला लावली, कागदावर चक्र काढायला लावले आणि सांगितले, पार्किन्सन्स.

हा आजार नवा नाही. आयुर्वेदात त्याला कंपवात म्हणतात, युनानीत कंपाला रअशा. 1817 साली जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने त्यावर निबंध लिहिला, म्हणून त्याचे नाव चिकटले. मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी मरत जातात. त्या डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. ते कमी पडले की हालचालीचा हुकूम निघतो, पण वेळेवर पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2019 साली जगात असे 85 लाखांहून अधिक रुग्ण होते. डॉक्टरांनी फवारणीबद्दलही विचारले. कीटकनाशकांचा संपर्क आणि हा आजार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. टोमॅटो आणि द्राक्षांच्या आमच्या तालुक्यात हा प्रश्न घरोघरी विचारायला हवा.

लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. सह्याद्रीच्या उतारावर उगवणाऱ्या खाजकुयलीच्या बियांतही हेच द्रव्य असते. ते कळताच एका नातेवाइकाने बियांची पूड आणून दिली. डॉक्टरांनी हात जोडले, ‘‘गोळीत किती आहे ते मला माहीत आहे, पुडीत किती ते कुणालाच नाही.’’ गोळी दिवसातून चार वेळा, तीही जेवणाच्या आधी, कारण मटण, डाळ यांतली प्रथिने तिच्या वाटेत आडवी येतात. रमजान आला तेव्हा अब्बा अडून बसले. रोजा सोडणार नाही म्हणाले. आजाऱ्याला सवलत आहे, बरे होण्याची आशा नसेल तर फिदिया आहे, हे त्यांनीच आम्हाला लहानपणी शिकवले होते. शेवटी मौलानांनी घरी येऊन समजावले. त्या दिवशी अब्बांनी दुपारची गोळी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

अशा दिवसांत शारजाहून आमच्या भाच्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. डोक्याला पट्टा, पट्ट्यात ओल्या स्पंजाचे दोन तुकडे, हातात छोटा डबा. परदेशातला एक म्हातारा घरच्या खुर्चीवर बसून मेंदूला वीज देत होता. चीरफाड नाही, भूल नाही. ‘‘मामू, मी घेऊन पाठवतो,’’ भाचा म्हणाला. त्या रात्री आमच्या घरात कुणाला झोप आली नाही. मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया आम्ही ऐकून होतो. तिचा आजचा प्रकार 1987 साली फ्रान्समध्ये सुरू झाला, पण तिचा लाखांतला खर्च आमच्या आवाक्याबाहेर होता. हा डबा मात्र आवाक्यातला वाटत होता.

आम्ही चौकशी सुरू केली. या पद्धतीला टीडीसीएस म्हणतात. कपाळावर किंवा टाळूच्या बाजूला खारट पाण्यात भिजवलेले स्पंज ठेवायचे आणि त्यातून साधारण 2 मिलिअँपिअरचा सरळ प्रवाह 20 मिनिटे सोडायचा. मुंग्या आल्यासारखे वाटते. हा प्रवाह पेशींना स्वतः कामाला लावत नाही, कामाला लागण्याची त्यांची तयारी किंचित वाढवतो किंवा कमी करतो. म्हणून तो व्यायामाच्या किंवा अभ्यासाच्या जोडीला द्यायचा असतो. विजेने उपचार ही कल्पनाही जुनी आहे. पहिल्या शतकात रोमन वैद्य डोकेदुखीवर जिवंत विद्युत-मासा लावत. नाईल नदीतल्या अशा माशाला अरबीत रअ्आद म्हणत, आणि 1200 च्या सुमारास मिसरला गेलेल्या अब्दुल लतीफ बगदादींनी त्याने हात कसा थरथरतो हे लिहून ठेवले आहे.

पण पार्किन्सन्सवर उपयोग किती? 2016 साली कोक्रेनच्या आढाव्यात उपलब्ध प्रयोग तपासले गेले. प्रयोग थोडे, रुग्ण थोडे, ठाम सांगण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतरही काही प्रयोगांत चालण्यात वा लक्ष लागण्यात फायदा दिसला, काहींत खोट्या यंत्राइतकाच. मेलेल्या पेशी याने जिवंत होत नाहीत आणि गोळी सुटत नाही.

आमच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी घरबसल्या उपचाराची जी पद्धत बसवली, तीत यंत्र रुग्णाच्या हाती असते पण कुलूप त्यांच्या हाती. रुग्ण पडद्यासमोर बसतो, पट्टा नीट बसला का हे तंत्रज्ञ पाहतो, आणि मग त्या एकाच वेळेपुरता आकडा सांगतो. तो दाबल्याशिवाय प्रवाह सुरू होत नाही. ‘‘व्हिडिओत डबा दिसला,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘पलीकडे बसलेला माणूस दिसला नाही.’’ स्पंज कोरडा पडला तर कातडी भाजते. डोक्यात धातू असेल, फेफरे येत असेल, पेसमेकर असेल तर आधी विचारलेच पाहिजे. आम्हाला घाम फुटला, कारण आदल्याच आठवड्यात मोहल्ल्यातला एक वायरमन पोरगा म्हणाला होता, ‘‘नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मीच करून देतो, फुकट.’’

घरी सगळे सांगितले. अब्बा बराच वेळ ऐकत होते. मग त्या बसक्या आवाजात म्हणाले, ‘‘खोडदची दुर्बीण आकाशाचं ऐकते. हे मशीन माझ्या डोक्याचं ऐकणार का?’’ आम्ही म्हणालो, नाही, हे नुसते बोलणार. ‘‘मग राहू दे. मला सही येईल का, एवढं विचारा.’’ त्याचे होय म्हणून उत्तर कुणी देऊ शकत नव्हते. डबा मागवला नाही. भाचा नाराज झाला. अम्मी अजून म्हणते, पाहायला काय हरकत होती.

एक गोष्ट मात्र मस्जिदीतच सापडली. घरात उंबऱ्याशी अब्बांचे पाय जमिनीला खिळायचे, पण मस्जिदीत सफेच्या रेघा ओलांडत ते सरळ पुढे जायचे. डॉक्टरांना सांगितले तर ते म्हणाले, हे माहितीचेच आहे. आतला हुकूम अडखळला तर बाहेरची खूण मदतीला येते. आम्ही पलंगापासून मोरीपर्यंत फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. पहिलीच्या पोरांची दुरेघी वही आणली. दोन रेघांच्या मध्ये अब्बांचे अक्षर पुन्हा थोडे मोठे झाले. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, 2010 पासून हृषीकेश पवार यांनी रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही चालवले, हे कळल्यावर अब्बांचे डोळे हसले. चेहरा नाही, डोळे. 1996 साली अटलांटात थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवणारा मुहंमद अली त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. ‘‘तो लपला नाही,’’ ते म्हणाले, आणि पुढच्या जुम्म्याला त्यांनी आम्हाला सर्वांना सांगायला लावले, की मास्तर सलाम घेतात, आवाज आजाराने नेला आहे.

आम्ही त्या यंत्राच्या विरोधात नाही. उलट ज्यांना पुणे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर आहे आणि ज्यांची एकेक खेप एकेका दिवसाची मजुरी खाते, अशांसाठीच घरबसला उपचार हवा. उद्या तो सिद्ध झाला तर पुण्याच्या आधी तो भीमाशंकरच्या पायथ्याशी यावा. पण डबा एकटा येऊ नये. त्याच्यामागे विचारणारा, थांबवणारा, जबाबदार माणूस यावा. आपल्या समाजात दुबई-शारजाहून सामान फार लवकर येते, माहिती मागून येते.

या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा दाखला द्यायला गेलो. गोळी घेऊन पाऊण तास झाला होता, हात बरा चालत होता. अब्बांनी अर्जावर पट्टी ठेवली, पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आणि त्यांच्या मध्ये सावकाश सही केली. मागे रांग खोळंबली होती. खिडकीतल्या माणसाने ती जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि मान हलवली. जुळत नव्हती. अंगठा द्यावाच लागला. पण या वेळी अब्बा वाटेत बोलले. म्हणाले, ‘‘वाचता तर आली त्याला.’’