केंद्रावरचा कौल आणि सभेतला कौल

लोकमत ही कोठेतरी आधीपासून सिद्ध असलेली वस्तू आहे आणि निवडणूक यंत्रणेचे काम ती केवळ मोजून जाहीर करण्याचे आहे, अशी जी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गातही सर्रास आढळते, ती महसूल खात्याच्या निवडणूक शाखेत हयात घालवलेल्या माणसाच्या मनात फार काळ तग धरू शकत नाही. मतदारयादी तीच, गाव तेच, उमेदवारही तेच असोत. मत कोठे द्यायचे, किती वेळात द्यायचे, कोणाच्या देखत द्यायचे आणि बहुमत कशाच्या प्रमाणात धरायचे, या चार बाबींपैकी एक जरी बदलली तरी निकाल फिरू शकतो. हे मी तर्काने नव्हे, दप्तराच्या आधारे सांगतो आहे.

या विषयाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना काही राज्यांत प्रायमरी होते, म्हणजे मतदाराने दिवसभरात केव्हाही केंद्रावर जाऊन गुप्त मत द्यायचे. आणि काही राज्यांत कॉकस भरतो, म्हणजे नेमल्या वेळी शेजारपाजारच्या मंडळींनी शाळेत किंवा सभागृहात जमून, चर्चा ऐकून, आपला कल उघडपणे नोंदवायचा. २०१६ साली वॉशिंग्टन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसमध्ये बर्नी सँडर्स यांना सुमारे ७३ टक्के कौल मिळाला. दोनच महिन्यांनी त्याच राज्यात, त्याच पक्षाची, केवळ नोंदीपुरती प्रायमरी झाली आणि तीत हिलरी क्लिंटन सुमारे ५२ टक्के मते घेऊन पुढे राहिल्या. कॉकसला सुमारे सव्वादोन लाख माणसे आली होती, प्रायमरीत सुमारे आठ लाखांनी मत दिले. उमेदवार ठरवणारे पक्षाचे प्रतिनिधी मात्र कॉकसच्या हिशेबाने वाटले गेले. त्याआधी २००८ साली टेक्सासमध्ये तर एकाच दिवशी दोन्ही प्रकार झाले: दिवसा प्रायमरी क्लिंटन यांनी जिंकली, संध्याकाळच्या कॉकसमध्ये ओबामा वरचढ ठरले. दिवस आणि संध्याकाळ यांमधल्या अवधीत टेक्सासच्या जनतेचे मतपरिवर्तन झाले, असे कोणी म्हणणार नाही. दिवेलागणीला तासन्‌तास बसू शकणारी माणसे निराळी आणि कामावरून येता-जाता मत टाकून जाणारी माणसे निराळी, एवढेच.

आता हा भेद परक्या मुलखाचा म्हणून सोडून देता आला असता. पण खेड तालुक्यातल्या निघोजे गावाकडे पाहिले, की तो आपल्या उंबरठ्यावर येऊन बसला आहे हे ध्यानात येते. म्हाळुंगे-निघोजे परिसरात महिंद्र आणि फोक्सवॅगन यांच्या मोटारींचे कारखाने उभे राहिले, त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे कारखाने आले, आणि जमिनी संपादनात गेल्यावर उरलेल्या तुकड्यांवर शेतकऱ्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्या खोल्यांत मराठवाड्या-विदर्भातला आणि बिहार-उत्तर प्रदेशातला कामगार राहतो. त्यातल्या काहींची नावे अद्याप मूळ गावच्या यादीत आहेत, काहींनी ती येथे नोंदवून घेतली आहेत. शिवाय मूळच्या ग्रामस्थांची तरुण पिढीही पाळीनेच कामाला जाते. जेथे दिवसाचे घड्याळ कंपनीच्या बसने ठरते, तेथे ‘सकाळी अमुक वाजता सर्वांनी हजर राहावे’ या एका वाक्यातच कितीएक मतदार गळून जातात.

आपल्या राज्याने सरपंच निवडण्याच्या रीतीत अल्पावधीत तीनदा पालट केला. पूर्वी प्रभागांतून निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडीत. २०१७ साली फडणवीस सरकारने तो थेट जनतेतून निवडण्याचा कायदा आणला. २०२० साली महाविकास आघाडीच्या सरकारने तो फिरवला. २०२२ साली शिंदे सरकारने पुन्हा थेट निवड आणली. हा पक्षांच्या सोयीचा मामला आहे असे म्हणून पुष्कळजण विषय सोडून देतात, पण त्यातले गणित पाहण्याजोगे आहे. समजा, गावात तीन प्रभाग आहेत, प्रत्येकात एक हजार मते पडली आणि प्रत्येकातून तीन सदस्य निवडायचे आहेत. पहिल्या दोन प्रभागांत एका पॅनेलला सव्वापाचशे-सव्वापाचशे मते मिळून त्याचे सहा सदस्य आले. तिसऱ्या प्रभागात त्याला तीनशेच मते मिळाली आणि तेथले तिन्ही सदस्य दुसऱ्या पॅनेलचे झाले. सदस्यांनी सरपंच निवडायचा तर तो सहांच्या पॅनेलचा होणार, आणि जनतेने थेट निवडायचा तर साडेतेराशेविरुद्ध साडेसोळाशे मतांनी तो दुसऱ्या पॅनेलचा होणार. दोन्ही सरपंच कायदेशीर, दोन्ही बहुमताचे. अप्रत्यक्ष निवडीत सदस्यांची ‘सहल’ निघते, मतदानाच्या दिवशीच सहलीच्या गाड्या गावात परततात, हे ग्रामीण वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. आणि थेट निवडीत सरपंच एका पॅनेलचा व बहुमत दुसऱ्याचे असले, की मासिक सभेत साधा दिवाबत्तीचा ठरावही अडकून पडतो, हेही तितकेच खरे.

परंतु मला ज्या बाबीविषयी विशेष तळमळ वाटते ती याच्या पुढची आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वास प्रस्ताव पंचायतीच्या एकूण सदस्यांच्या तीनचतुर्थांश बहुमताने संमत झाला, तरी तेवढ्याने त्याचे पद जात नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली विशेष ग्रामसभा भरवून तेथे गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. म्हणजे ज्या माणसाला प्रायमरीसारख्या पद्धतीने पदावर बसवले, त्याला कॉकससारख्या पद्धतीने उतरवायचे. निवडणुकीच्या दिवशी केंद्र सकाळी साडेसातपासून सायंकाळी साडेपाचपर्यंत उघडे असते आणि कामगाराला मतदानासाठी सुट्टी किंवा सवलत मिळावी असे आदेश निघतात. विशेष ग्रामसभेची नोटीस मात्र कोणत्याही वारी, नेमक्या एका वेळेची निघू शकते, आणि त्या दिवशी कारखान्याचा पट्टा कोणासाठी थांबत नाही.

अशी एक सभा मी पूर्वी दुसऱ्या तालुक्यात चालवली आहे. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. शाळेच्या पटांगणात मंडप, फाटकाशी हजेरीचे पुस्तक, त्यात सह्या आणि निळे अंगठे, आणि आत मतपत्रिकेवर शिक्का मारण्यासाठी पुठ्ठ्याचा आडोसा. मत खरोखर गुप्त होते; पण येणे गुप्त नव्हते. कोण कोणाच्या जीपमधून उतरला, कोणाच्या शेजारी बसला, कोणी कोणाच्या हातचे पाणी घेतले, हे फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या नजरेतून सुटत नव्हते. आणि ज्या विधवेचा रेशनचा, घरकुलाचा किंवा वाटेचा प्रश्न गावातल्या कोणा बड्याच्या हाती होता, ती फाटकापर्यंत येऊन परत गेलेली मी पाहिली. फाटक लावल्यावर गळ्यात कंपनीचे ओळखपत्र असलेला एक तरुण मोटारसायकलवरून आला. “साहेब, फर्स्ट शिफ्ट आत्ता सुटली,” एवढेच तो म्हणाला. त्याला आत घेणे माझ्या अखत्यारीत नव्हते. निवडणुकीच्या दिवशी याच तरुणाला साडेपाचच्या ठोक्याला रांगेत उभे असल्याबद्दल चिठ्ठी देऊन मी मतदान करू दिले असते.

गुप्ततेचा परिणाम किती होतो याचा दाखला वरिष्ठ वर्तुळातही मिळतो. जून २०२२ मध्ये आपल्या विधानसभेच्या त्याच आमदारांनी दहा दिवसांच्या अंतराने दोनदा मतदान केले. राज्यसभेसाठी मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून टाकावी लागते. तेथे भाजपच्या उमेदवारांना पहिल्या पसंतीची १२३ मते पडली. विधान परिषदेचे मतदान गुप्त असते. तेथे ती १३४ झाली. उमेदवार निराळे होते आणि मधल्या काळात वारेही फिरले होते, त्यामुळे सारा फरक गुप्ततेच्या खाती टाकता येणार नाही. पण दाखवून टाकायचे मत आणि न दाखवता टाकायचे मत ही सारखीच मानणाऱ्याने या दोन आकड्यांचा विचार करावा.

आता कोणी म्हणेल की ग्रामसभा हाच पंचायत राज्याचा प्राण आहे. ते मला मान्य आहे. ग्रामसभेत खर्चाचा हिशेब वाचला जातो, सरपंचाला समोरासमोर जाब विचारता येतो, आणि ऐकून मत बदलण्याची जी संधी तेथे मिळते ती मतदानयंत्रापुढे एकट्याने उभे राहून मिळत नाही. परंतु सर्वसाधारण ग्रामसभेची गणपूर्ती मतदारसंख्येच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तितकी, आणि तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला तीही लागत नाही. घरपट्टीवर चर्चा करण्यास ही अट रास्त असेल. हजारोंनी दिलेला कौल फिरवण्याच्या कामी गावच्या हजेरीची ही सवय मला फार तोकडी वाटते.

या बाबतीत दारूबंदीच्या मतदानाची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. गावातल्या महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्यांनिशी मागणी केली, तिची पडताळणी झाली, की रीतसर मतदान होते, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात, आणि दुकान बंद व्हायला झालेल्या मतांच्या नव्हे, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. ही अट कडक आहे. तिच्यामुळे कितीएक गावांतल्या बायका, झालेल्या मतांत मोठे बहुमत मिळवूनही, हरल्या आहेत, आणि त्याचे दुःख मला आहे. तरीपण जी बाई घरी राहिली तिचीही गणना तेथे भाजकात होते, एवढे तत्त्व त्या पद्धतीने राखले आहे. एकाच गावात दारूचे दुकान बंद करायला संपूर्ण यादी भाजकात धरावी आणि सरपंच उतरवायला केवळ आलेल्यांपुरते बहुमत पुरावे, ही विसंगती विधिमंडळाच्या नजरेस कशी आली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

माझी सूचना अशी, की अविश्वासाची विशेष ग्रामसभा ऐकण्यापुरती ठेवावी: प्रस्ताव मांडणाऱ्या सदस्यांनी आरोप मांडावेत, सरपंचाने उत्तर द्यावे, ग्रामस्थांनी प्रश्न विचारावेत, आणि इतिवृत्त चावडीवर लावावे. मतदान त्यानंतर आठ दिवसांनी, रविवारी किंवा त्या भागातल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, प्रभागवार केंद्रांवर घ्यावे. याद्या, यंत्रे, शाई आणि प्रशिक्षित कर्मचारी यांची व्यवस्था पोटनिवडणुकीसाठी करावी लागते तशीच करता येईल, त्यामुळे नवे खाते उघडावे लागणार नाही. निघोजे, कुरुळी, चिंबळी, म्हाळुंगे अशा गावांत मात्र केंद्र साडेपाचला बंद न करता रात्री आठपर्यंत उघडे ठेवावे; कारण त्या दिवशीही ज्यांना कामावर जावे लागते त्यांची जनरल शिफ्टची बस साडेपाचला कारखान्यातून निघते आणि चाकणच्या रहदारीतून गावच्या फाट्यावर पोहोचायला तिला बराच वेळ लागतो.