मृगातला धूर

तर्कशास्त्राच्या तासाला पर्वतावर धूर दिसतो आणि त्यावरून अग्नीचे अनुमान निघते. परीक्षेपुरते हे सोपे आहे. पण धूर चार अब्ज वर्षांपूर्वीचा असेल आणि पर्वत मुळीच दिसत नसेल तर?

काही दीर्घिकांच्या गाभ्यातल्या प्रचंड कृष्णविवराकडे ओढले जाणारे द्रव्य भोवऱ्यासारखे फिरते, तापते. त्यातले काही झोतांच्या रूपाने, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, बाहेर फेकले जाते. एम ८७ दीर्घिकेतला असा झोत हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्येच नोंदला होता. झोताचा रोख आपल्याकडे असला की त्या दीर्घिकेला ब्लेझार म्हणतात. तेथून येणारे गॅमा किरण दृश्य प्रकाशाच्या अब्जावधी पट ऊर्जेचे असतात.

"बी. ए.ला याचा उपयोग काय?" असे मित्र विचारतात. मला मात्र एकच प्रश्न छळतो : हे किरण निर्माण कोण करते? वेगवान इलेक्ट्रॉन प्रकाशकणाला धडक देऊन त्याचा गॅमा किरण करू शकतो. प्रोटॉनच्या टकरींतून जन्मणारा भाररहित पायॉन फुटला, तरी गॅमा किरणच निघतात. दोन अग्नी, धूर एकच! नैयायिक असल्या हेतूला व्यभिचारी म्हणतात. अडचणीचे याहून नेमके नाव मला तरी सापडलेले नाही.

मात्र प्रोटॉनच्या टकरींत विद्युत्‌भारित पायॉनही जन्मतात आणि त्यांतून न्यूट्रिनो निघतात. इलेक्ट्रॉनच्या त्या धडकेतून ते निघत नाहीत. २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या 'आइसक्यूब'ने, घन किलोमीटरभर बर्फात पुरलेल्या उपकरणांनी, असा एक न्यूट्रिनो टिपला. त्याचा माग मृग नक्षत्रातल्या एका ब्लेझारकडे जात होता, आणि तो तेव्हा गॅमा किरणांत भडकलेला होता. योगायोगाची शक्यता हजारात एकीच्या आसपास. एका साक्षीदारावर खटला निकाली काढावा काय? मी तरी काढणार नाही. जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा २०१४-१५ मध्येही त्याच दिशेने न्यूट्रिनो आल्याचे दिसले. पण त्या वेळी गॅमा किरण शांत होते! २०२२ मध्ये एम ७७ दीर्घिकेचेही तसेच निघाले. तिच्या गाभ्याभोवतीचा दाट प्रकाशच गॅमा किरणांना गिळत असावा, असा तर्क आहे. आमच्या पाठ्यपुस्तकातला तप्त लोहगोल आठवला : अग्नी आहे, धूर नाही.

लडाखात हानले येथे २०२४ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'मेस' दुर्बिणीचे उद्घाटन झाले. २१ मीटर व्यासाची ती दुर्बीण गॅमा किरणच शोधते. माझ्यापाशी फक्त गच्ची आहे. हिवाळ्यात मृग वर आला, की त्याच्या वायव्येकडच्या पायाजवळची रिकामी दिसणारी जागा मी मित्रांना बोटाने दाखवतो. "तिथे काही नाही," ते म्हणतात.