पस्तीस व्होल्टांचा माज

गेल्या वर्षीच्या बोनसमधून बुकशेल्फ स्पीकर्स घेतले. दिसायला देखणे, वजनाला दणकट आणि आवाजाला... मुखदुर्बळ! सेन्सिटिव्हिटी ८४ डीबी, तीही चार ओहमला. मेख इथेच आहे. हे ८४ डीबी २.८३ व्होल्टवर मोजलेले, आणि तेवढ्या व्होल्टला चार ओहमचा स्पीकर दोन वॅट खातो. म्हणजे एका वॅटला खरे ८१च. ९० डीबीचा आठ ओहमवाला जे एका वॅटमध्ये करेल, त्याला याला आठ वॅट लागणार. छोट्या खोक्यातून बेस हवा असेल तर ही किंमत मोजावीच लागते.

अँप्लिफायर घरीच करायचा होता. चिप एलएम३८८६, मूळची नॅशनल सेमीकंडक्टरची, २०११ पासून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची. स्पीकर मुखदुर्बळ, तर व्होल्ट वाढवा, असा बाळबोध हिशोब करून तपकीर गल्लीतून २५-०-२५ चा ट्रान्सफॉर्मर उचलला. रेक्टिफायरनंतर प्लस-मायनस ३५ व्होल्ट. काय तो माज!

बाबा सांगलीहून आले होते. उभा जन्म वीज मंडळात वायरमन म्हणून काढलेला माणूस. पोरगा दिवसभर कीबोर्ड बडवतो, याचं त्यांना कौतुक कमी आणि काळजीच जास्त. म्हटलं, हाताने केलेलं काहीतरी दाखवू. हळू आवाजात झकास चाललं होतं. मग मोठा केला, तबल्याची थाप पडली आणि स्पीकरमधून फुटाणे फुटल्यासारखी तडतड!

बाबांनी हीटसिंकला बोट लावून झटकन काढलं. "पापड भाजतोयस काय रे?"

हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

रात्री डेटाशीट उघडली (ती आधी वाचायची असते, असं म्हणतात). पहिल्याच पानावर होतं: चार ओहमला ६८ वॅट, पण २८ व्होल्टवर. ३५ व्होल्टचे ५० वॅट आठ ओहमसाठी. गणित मांडलं. माझ्या जोडणीत एका चिपमध्ये वाईटात वाईट ६२ वॅटची नुसती उष्णता. चिप बिचारी जीव वाचवायला आवाज तोडत होती. १८-०-१८ लावला तर साधारण २४ व्होल्ट मिळतात आणि उष्णता २९ वॅटवर येते. आवाजासाठी तरी चाळीसेक वॅट उरतातच. आणि वॅट निम्मे झाले तरी कानाला फरक फक्त ३ डीबीचा!

सकाळी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "व्होल्ट कशाला वाढवायचे? चार ओहमला करंट लागतो. तार जाड बघून घे." वर डेटाशीट न वाचता!

पाच अँपिअरचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर आणला. बाबांनी सिरीज बोर्ड जोडायला लावला. बल्ब क्षणभर भगभगला आणि विझत आला. "आता लाव डायरेक्ट."

तबला सुरू झाला. थोड्या वेळाने बाबा स्वतः उठले आणि व्हॉल्यूम वाढवला. खालच्या काकूंचा फोन आला तेव्हा म्हणाले, "सांग, टेस्टिंग चालू आहे."