दोन पावसाळे पाहिलेलं काम

बेंगळुरूत घराचं काम काढलं की पहिली अडचण येते ती ओळखीची. सांगली-पुण्याकडे गवंडी कुणाच्या तरी मामेभावाच्या माहितीतला असतो. कामात खोट राहिली तर पुढच्या लग्नकार्यात गाठ पडणार, ही भीड त्याला असते. इथे ती भीड नाही, आणि याचं खापर शहरावर फोडण्यात अर्थ नाही. कामावर येणारी बहुतेक माणसं आपल्यासारखीच लांबून आलेली असतात. सुतार राजस्थानचा, माल कालवणारं जोडपं रायचूर-यादगीरकडचं, प्लंबर पुष्कळदा ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा. तिथल्या पट्टामुंडईची माणसं नळकामासाठी देशभर जातात. प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही तिथे आहे.

म्हणून कंत्राटदाराला दर विचारण्याआधी मी विचारते, प्रत्यक्ष काम कोण करणार आणि ती माणसं तुमच्याकडे किती वर्षं आहेत? नाव-गाव चटकन सांगता आलं तर पुढे बोलावं. शक्य झालं तर त्या माणसांशीही बोलावं, मोडक्या कन्नडमध्ये किंवा हिंदीत. शनिवारी पैसे वेळेवर मिळतात का, एवढं कळलं तरी पुष्कळ कळतं. पगार अडकला की चांगला कारागीर दुसऱ्या साइटवर निघून जातो आणि आपल्या बाथरूमची टाइल नवशिक्या हाताखाली येते.

दुसरी गोष्ट, त्याचं जुनं काम पाहावं. फोनमधले फोटो सगळ्यांचेच देखणे असतात. निदान दोन पावसाळे काढलेलं घर दाखवा म्हणावं. इथे जूनपासूनचा पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबरात ईशान्येकडचा येतो, त्यामुळे भिंतींची परीक्षा लांबते. तिथे गेल्यावर दिवाणखान्यात रेंगाळू नये. बाथरूमच्या पलीकडची भिंत, सिंकखालचं कपाट आणि खालच्या मजल्यावरच्यांनी येऊ दिलं तर त्यांचं छत पाहावं. रंगाचे पोपडे सगळं सांगतात.

कोटेशन नेमकं हवं. नुसतं ‘चांगलं प्लाय’ नको. ओल्या जागी आयएस 710 मरीन प्लाय, असं लिहून घ्यावं. गीझरची वायर किती चौरस मिलिमीटरची, तेही. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल लावण्याआधी बाथरूममध्ये दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं, ही अट कागदावर असू द्यावी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता किरकोळ कामं उरकेपर्यंत राखावा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष कामाची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेता येते, पण सहीचा कागद नसेल तर तिथे बोलणार कशाच्या बळावर?

पाणी आणि राडारोडा यांबद्दल विचारायला लोक संकोचतात. विचारावंच. मार्च 2024मध्ये टंचाई आली तेव्हा इथल्या जलमंडळाने बांधकामाला पिण्याचं पाणी वापरण्यावर बंदी घातली, 5,000 रुपये दंड लावला. आपल्या नळाला येणारी कावेरी सुमारे 100 किलोमीटरवरून, उंच चढ चढवून आणलेली असते. पाणी कुठून आणणार, याचं उत्तर ज्याने आधीच ठरवलंय तो माणूस कामाचा. फोडलेल्या फरशा रातोरात तलावाकाठी टाकणाऱ्याला, दर कितीही कमी असो, मी काम देणार नाही. आपलं घर नवं करताना दुसऱ्याच्या दारात कचरा ओतायचा, हे मला पटत नाही.

आम्ही ज्यांना काम दिलं त्यांचं कोटेशन सर्वांत स्वस्त नव्हतं. बाकीचे दसऱ्याच्या आत घर ताब्यात देतो म्हणत होते. यांनी सांगितलं, आयुधपूजेला करवती, थाप्या मांडून पूजा होईल, कुंकू भरलेला कोहळा फुटेल, मग माणसं गावी जातील आणि परतली की टाइलचं काम सुरू होईल, तेव्हा दिवाळीनंतरचं धरा. ती तारीख कराराच्या कागदावर घालून आम्ही सह्या केल्या.