नोव्हेंबरमध्ये कूलर

"नवा कूलर घ्यावा लागणार," असं मी व्हिडिओ कॉलवर म्हणालो आणि आई चमकलीच. "अरे, एडिनबरात थंडी आहे ना? नोव्हेंबरमध्ये कूलर?" आमच्या अकोल्यात कूलर म्हणजे खिडकीला लावलेला पत्र्याचा खोका, वाळ्याच्या ताट्या आणि रोज बादल्यांनी भरायचं पाणी. मला हवा होता तो कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसणारा.

गरज मात्र खरी होती. पोस्टडॉकच्या कराराचे सात महिने उरले होते आणि रिव्ह्यूअर्सनी पेपरसाठी आणखी सिम्युलेशन्स मागितली होती. ती मी रात्रभर घरच्या डेस्कटॉपवर चालवायचो. प्रोसेसर सेकंडहँड रायझन ९ ३९००एक्स, १२ कोअरचा. त्यावर पैसे वाचवायला जुन्या कॉम्प्युटरचा छोटा कूलर बसवलेला. घर एका बेडरूमचं. बायकोची पहाटेची शिफ्ट, मुलगी आठ महिन्यांची. पंखा जोरात फिरला की मुलगी उठायची. तो मंद केला की तापमान ९५ अंशांपर्यंत चढायचं आणि प्रोसेसर आपणहून वेग कमी करायचा. घराची झोप किंवा माझा पेपर, असा तो हिशेब होता.

घाईत मी सगळ्यात मोठा कूलर मागवला. त्याची उंची १६५ मिलिमीटर, माझ्या केसमध्ये जागा १६०. झाकण लागेना. परत पाठवण्याचा खर्च माझ्याच माथी. म्हणून सांगतो, आधी तीन गोष्टी बघा: केसमध्ये किती उंचीचा कूलर मावतो, सॉकेट कोणतं (माझं एएम ४) आणि पंखा रॅमच्या पट्ट्यांना आडवा येतो का.

मग वॅट बघा. माझ्या प्रोसेसरच्या माहितीत १०५ वॅट लिहिलेले आहेत, पण पूर्ण भारावर तो १४२ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. त्या विजेची शेवटी उष्णताच होते. कूलर निवडायचा तो या मोठ्या आकड्यावर.

शेवटी १५५ मिलिमीटर उंचीचा, सहा हीटपाइप आणि दोन पंख्यांचा घेतला. पंखा मोठा असला की सावकाश फिरूनही पुरेशी हवा लोटतो, म्हणून आवाज कमी. हीटपाइप म्हणजे तांब्याची बंद नळी. आतलं थोडंसं पाणी प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होतं, पात्यांपाशी उष्णता सोडून पुन्हा पाणी होतं आणि परत येतं. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं, हे तर वाळ्याच्या ताट्यांतही घडतं. फक्त इथे रोज पाणी भरावं लागत नाही. पण अकोल्याचा कूलर बाहेरच्या हवेपेक्षा गार वारा देतो, तसं याला जमत नाही. आजूबाजूची हवा जितकी गरम, तितकी याची अडचण.

माझं नेमकं तिथेच अडलं. नवा कूलर बसवूनही तासाभरात तापमान पुन्हा नव्वदीत. बाबांना प्रोसेसरमधलं काही कळत नाही, पण त्यांनी विचारलं, "समोरची खिडकी उघडी आहे का? हवा बाहेर निघाली नाही तर कूलर तरी काय करणार बाप्पा!"

आवाज कमी व्हावा म्हणून मी केस टेबलाखालच्या बंद कपाटात कोंबली होती. तीच गरम हवा आत फिरत होती. केस बाहेर काढली, भिंतीपासून वीतभर लांब ठेवली आणि मागे हवा बाहेर टाकणारा एक पंखा लावला. रात्रीपुरती विजेची मर्यादाही ८८ वॅटवर आणली. सिम्युलेशन थोडं हळू चालतं, पण सकाळपर्यंत न अडखळता चालतं.

सुधारलेला पेपर फेब्रुवारीत पाठवला. उत्तर अजून यायचंय, कराराचंही काही ठरलेलं नाही. मुलगी मात्र पंख्यामुळे उठत नाही. बाबा दर रविवारी विचारतात, "कूलर पुसतोस ना?" पुसतो. तुम्हीही दर दोन-तीन महिन्यांनी पात्यांतली धूळ काढत जा. नाहीतर चांगल्यातला चांगला कूलरही गुदमरतो.