फुकट म्हणजे किती फुकट?

आज वाडीवरच्या शाळेत नेत्रतपासणीची गाडी आली. नावं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंना जागच्या जागी चाळिशीचा चष्मा मिळाला. त्यांचं काम झालं. मोतीबिंदूचं तसं नसतं. एका आजींच्या दोन्ही डोळ्यांत तो निघाला. ऑपरेशन फुकट होईल म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “ते खरं रं बाबा, पण माझ्यासंगं येणार कोण? पोराचा रोज बुडतो.”

पूर्वी शिबिरातच, शाळेच्या वर्गात किंवा तंबूत ऑपरेशनं होत. जंतुसंसर्गाचा धोका मोठा, म्हणून आता गाडी फक्त डोळे तपासते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात होते. हे योग्यच. पण त्यामुळे वाडी ते शहर हे अंतर रुग्णाच्या पदरात पडलं.

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ साली मदुराईत ११ खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केलं. पुढे त्यांच्या शिबिरांतही हाच अनुभव आला : शस्त्रक्रियेचे पैसे माफ करूनही माणसं येत नाहीत. मग त्यांनी रुग्णांना नेण्या-आणण्याची आणि जेवणाची सोय केली.

शिबिर संपलं की किती जणांना तपासलं, हा आकडा सगळे विचारतात. ज्यांना ऑपरेशन सांगितलं, त्यांतले किती पोचलेच नाहीत, हे कुणी विचारत नाही. पुढच्या खेपेला नोंदवहीत एक रकाना वाढवायचा : ‘सोबत कोण?’ तो रिकामा राहिला, तर माणूस शोधणं हेही आपलंच काम.