काचपेटीतील आषाढ

प्राणिशास्त्र शिकविण्यात उभी हयात घालवून मी निवृत्त झालो, तेव्हा चिरंजीवांनी मुंबईहून चार मासे आणून दिले. सुरीच्या पात्यासारखे चपटे, पलीकडचे दिसावे इतके पारदर्शक, आणि पोटाखालची लांब झालर हलवीत पुढे जावे तितक्याच सहजतेने मागे सरकणारे. आयगेनमानिया हे त्यांचे शास्त्रीय नाव. मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांची खोरी. हे मासे अहोरात्र पाण्यात क्षीण वीज सोडीत असतात. आपला हात पाण्यात असला तरी ती आपल्याला जाणवत नाही. त्यांना मात्र तिच्यामुळे अंधारात वाट सापडते आणि एकमेकांची ओळखही पटते.

पाण्यात दोन तारा सोडून ध्वनिवर्धकाला जोडल्या की ही वीज ऐकू येते. सेकंदाला सुमारे 250 ते 600 स्पंदने. शेजारच्या खोलीत कुणी तंबोरा छेडीत बसावे तशी. प्रौढ नराचा स्वर खालचा, मादीचा वरचा. आमच्या इंदूरच्या घरी रात्री हा तंबोरा लागला की शेजारी विचारीत, "काका, रियाज सुरू केलात काय?"

दोन वर्षे मी त्यांना जिवापाड जपले. पाणी निर्मळ, तापमान 26 अंशांवर स्थिर, खाणे वेळच्या वेळी. तरीही अंडी धरण्याचे चिन्ह दिसेना. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, त्यांना इथे ऋतूच कळत नसतील." मी हसण्यावारी नेले. वास्तविक फ्रँक किर्शबाउम या शास्त्रज्ञाने 1975 साली हेच सिद्ध केले होते, आणि ते मला ठाऊक असायला हवे होते. विषुववृत्ताजवळ दिवस फारसा लहानमोठा होत नाही. तेथील ऋतू म्हणजे पाऊस. पाऊस पडला की नदीच्या पाण्यातील क्षार विरळ होऊन त्याची विद्युत्‌वाहकता घटते, पातळी चढते, वर थेंबांचा मारा होतो. किर्शबाउमने हे सारे टाकीत घडवून आणले आणि काही आठवड्यांत नरमाद्या प्रजननास सिद्ध झाल्या. माझ्या पेटीत मात्र बोरिंगचे जड पाणी, म्हणजे बारमास वैशाख!

पुढचा भाग तर अधिकच नवलाचा. हंगामात नर रात्रभर आपला अखंड स्वर क्षणार्धापुरता तोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा तोडतो. ही त्याची प्रियाराधना. मादी पाणवनस्पतींच्या मुळांत थोडी थोडी अंडी घालते. मेरी हेगडॉर्न आणि वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर नराचे हे तुटक संकेत नुसते ध्वनिमुद्रणातून ऐकविले, तरी एकट्या मादीने अंडी घातली.

गेल्या आषाढात मी गच्चीवरच्या पन्हळीखाली पिंपे मांडली. रोज तांब्याभर, मग दोन तांबे असे पावसाचे पाणी पेटीत सोडू लागलो; झारीने वरून शिंपडू लागलो. पाचव्या आठवड्यात एका मादीचे पोट फुगले, पारदर्शक कातडीतून अंड्यांची पिवळसर रास दिसू लागली. नराचा स्वरही मधूनच तुटू लागला. त्या रात्री बाहेर मुसळधार कोसळत होते. मला धीर धरवेना. एकदम चार बादल्या पाणी पेटीत रिकामे केले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'घाई करू नका' म्हणून बजावणारा मी!

सकाळी मादी तळाशी आडवी पडली होती. अंडी पोटातच.

चिरंजीवांना मी महिनाभर कळविले नाही. पिंपे रिकामी करून उपडी घातली. ध्वनिवर्धक तेवढा राहू दिला. नराला काहीच ठाऊक नव्हते. पुढचे कितीतरी दिवस रात्री दहानंतर त्याचा स्वर तुटत राहिला. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती विचारी, "अजून बोलावतोय का हो तो?"

मी हो म्हणे, आणि आवाज थोडा कमी करी.